हातानं केलेलं

‘स्वतः केलंत?’ या प्रश्नाला मराठी माणूस सहसा ‘नाही’ म्हणत नाही. दिवाळीच्या चकलीची भाजणी गिरणीतून दळून येते, तेल दुकानातून येतं, काटे सोऱ्या पाडतो आणि तळायचं काम गॅस करतो; तरी चकली ‘घरी, हातानं’ केलेली असते. याबद्दल कुणाची झोप उडाल्याचं ऐकिवात नाही. माझी उडाली, पण चकलीमुळे नव्हे, गोधडीमुळे. मी ३६ वर्षं हिशेबतपासनीस होतो, हेही एक कारण असावं. कुठली रक्कम कुठल्या सदरात पडली हे कळल्याशिवाय आम्हा लोकांना जेवण जात नाही.

तर त्याचं असं आहे, की आमच्या घरात एक लेसर यंत्र आहे. मुलानं ते हौसेनं घेतलं आणि बंगळूरला नोकरी लागल्यावर, गावाला जाताना तुळशीची कुंडी शेजाऱ्यांकडे ठेवावी तसं, माझ्या हवाली केलं. पाटाएवढी चौकट, तिच्यावर इकडून तिकडे सरकणारी एक डबी आणि डबीतून खाली पडणारा निळा प्रकाश. शक्ती म्हणाल तर ५ वॅट. न्हाणीघरातला ‘झीरो’चा बल्बसुद्धा याच्या दुपटीहून जास्त वीज खायचा! पण लहानपणी भिंग धरून उन्हात कागद जाळला असेल, तर युक्ती ध्यानात येईल. सगळा प्रकाश मोहरीहून कितीतरी बारीक ठिपक्यात गोळा केला, की त्याच्यापुढे कापडाचं काही चालत नाही. संगणकावर रेघ काढून द्यायची, यंत्र त्या रेघेवरून चालत जातं. वेग वाढवून जोर उतरवला, तर कापड न तुटता नुसतं भाजतं आणि नक्षी उमटते.

कापडांचे स्वभाव मला या वयात कळले. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याची कड आपोआप बंद होते. सुती कापड जळतं, कडेला तपकिरी रेघ ठेवतं आणि करपलेल्या कागदाचा वास सोडतं. रेशीम नि लोकर यांना केस जळल्याचा वास येतो. बाजारात भाव काहीही असो, शेवटी तीही केसांसारखी प्रथिनंच. काळं कापड निळा प्रकाश गटागटा पितं. पांढरं त्याला बराचसा परत पाठवतं, म्हणून त्याच्यावरून दोनदोनदा फिरावं लागतं. रेक्झिनला मात्र हात लावायचा नाही. त्यातल्या पीव्हीसीतून जळताना आम्लाचा वायू निघतो, तो यंत्रालाही खातो आणि यंत्रवाल्यालाही. शिवाय यंत्र चालू असताना जागचं उठायचं नाही. कापडच ते, पेटलं म्हणजे? म्हणून मी नारिंगी चष्मा लावून, खिडकी उघडून, शेजारी पाण्याची बादली ठेवून राखणदारासारखा बसतो. वरच्या मजल्यावरच्या वहिनी अधूनमधून ओरडून विचारतात, ‘‘भाऊजी, काही बुडाला लागलं का हो?’’

आता अक्का. माझी थोरली बहीण, वय ७४, दोन गल्ल्या पलीकडे राहते. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवते आणि वर रंगीत कापडाच्या कोयऱ्या लावते. एका गोधडीला ६४ कोयऱ्या. दोनेक वर्षांपूर्वी तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरला. सुईला तो अजून राजी असतो, पण कात्रीला त्याचा सगळा जोर लागतो, आणि तिथं तो साफ नाही म्हणतो. ‘‘बंद करते आता,’’ असं ती एकदा म्हणाली, अगदी दूधवाल्याला उद्यापासून नको सांगावं तशा सुरात. मला तो सूर ऐकवला नाही. भावजींच्या पेन्शनवर घर चालतं. नातवंडांच्या हातावर ठेवायच्या नोटा तेवढ्या गोधडीच्या असतात.

तिनं कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलनं कोयरी काढून दिली, मी ती संगणकात घातली, आणि तिचं चार दिवसांचं कातरकाम सव्वा तासात उरकलं. भाजलेल्या कडांबद्दल ती एवढंच म्हणाली, ‘‘मी कड दुमडूनच शिवते.’’

पुढे एका प्रदर्शनात एका बाईंनी गोधडी उलटसुलट करून विचारलं, ‘‘पूर्ण हातानं केलेली आहे ना?’’ अक्का म्हणाली, ‘‘हो तर!’’ गोधडी ४,५०० रुपयांना गेली. घरी येईपर्यंत मी गप्प होतो.

‘‘अक्का, कापलं यंत्रानं होतं.’’

‘‘मग?’’

‘‘तू हो म्हणालीस.’’

‘‘विळीवर चिरलेली भाजी विळीनं केली म्हणतोस का रे? आणि कात्री काय माझ्या बोटांना फुटली होती?’’

आता याला काय बोलायचं? हात कुठे संपतो आणि यंत्र कुठे सुरू होतं, ही रेघ देशालासुद्धा एकाच जागी ठेवता आलेली नाही. राष्ट्रध्वज हातानं कातलेल्या नि हातानं विणलेल्या कापडाचाच हवा, असा नियम होता. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनं यंत्रावर केलेला आणि पॉलिएस्टरचाही चालू लागला.

बरं, हात तेवढा पुण्यवान आणि यंत्र पापी, असंही नाही. आपल्या पोरांच्या विटक्या जीन्स घ्या. जीन्सच्या उभ्या धाग्यावर नीळ वरवर बसलेली असते, आत धागा पांढराच असतो. वरची नीळ खरवडली की पँट विटकी होते आणि दुप्पट किमतीला जाते. हे खरवडण्यासाठी तुर्कस्तानातले कामगार हातात नळी धरून कापडावर वाळूचा मारा करीत. तिची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होई, आणि त्यात तरणी पोरं गेली. २००९ साली तिथं या प्रकारावर बंदी आली. आता तीच नीळ बऱ्याच कारखान्यांत लेसरनं उडवतात. माझ्या यंत्राचे ते थोरले भाऊ. एका पँटीच्या फॅशनपायी माणसाचं फुप्फुस जात असेल, तर ‘हातकाम’ या शब्दाला ओवाळायला मी तयार नाही.

म्हणजे यंत्र वापरलं याबद्दल माझी तक्रार नव्हतीच. मला टोचत होता तो ‘पूर्ण’ हा शब्द. त्या बाईंनी पैसे मोजले त्यात अक्काच्या कातरकामाचे चार दिवसही त्यांनी धरले असणार, आणि ते दिवस गोधडीत नव्हते. पावती होती, माल नव्हता.

‘‘मग चार दिवसांचे पैसे कमी करू?’’ अक्कानं विचारलं.

मी कागदपेन्सिल घेतली. तिनं माझ्यापुढे अंगठा धरला. ‘‘वाचलं काय? हा. तो गिऱ्हाइकाला का म्हणून देऊ?’’

या मुद्द्यावर माझी आणखी एक झोप गेली. मेहनत घटली की किंमत घटावी, हे ऐकायला ठीक आहे. पण तिचा मोतीबिंदू डॉक्टरांनी पंधरा मिनिटांत काढला, तेव्हा उरलेल्या वेळेची सूट आम्ही मागितली नव्हती. दृष्टी आली ना, मग झालं. शेवटी मी निकाल दिला: कसं केलं हे कळायचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे, अक्काच्या अंगठ्यावर त्याचा हक्क नाही. किंमत तीच राहील, मात्र प्रत्येक गोधडीवर खरं काय ते लिहिलेलं असेल. आणि त्या बाईंना फोन करायचा. अक्का दोन दिवस फुगून बसली, तिसऱ्या दिवशी तिनं फोन केला. बाई सगळं ऐकून म्हणाल्या, ‘‘असं होय? मग नातवासाठी हत्ती कापून मिळतील का?’’

राहिला मजकूर. गोधडीच्या कोपऱ्यात कापडी अक्षरं कापून लावायची ठरली. या कामाला आपली देवनागरी फार सोयीची. इंग्रजीची अक्षरं कापली की एकेक सुटं होऊन पंख्याच्या वाऱ्यानं उडतं. आपला शब्द शिरोरेषेला धरून अख्खा उचलता येतो. सुटा पडतो तो अनुस्वार. १९६२ साली साहित्य महामंडळानं उच्चारात नसलेले अनुस्वार घालवले, राहिलेले आता लेसर घालवतो! म्हणून मी ‘कापले यंत्राने, शिवले हाताने’ असं सुचवलं. प्रमाण भाषा, आणि अनुस्वार एकच.

‘‘असं कोण बोलतं?’’ अक्का म्हणाली.

तेव्हा ‘कापलं यंत्रानं’ ही एक ओळ आणि तिच्याखाली ‘शिवलं हातानं’ ही दुसरी, असं कापलं. पाच अनुस्वार फरशीवर कुठे गेले कोण जाणे. त्यांच्या जागी अक्कानं लाल दोऱ्याच्या पाच गाठी बसवल्या, एकेक टाका घट्ट ओढून. त्यामुळे वरच्या ओळीतलं सगळंच काही यंत्रानं केलेलं नाही, ही गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. पण मी अजून तिला बोललेलो नाही.