तुला काय कळतंय?

आमचे थोरले चुलते, तात्या, रेशनकार्डापासून रॉकेटपर्यंत सगळ्यातले जाणते. घराण्यातले पहिले मॅट्रिक. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षराची बंदी होती त्यांच्यातला एक जण छाती ठोकून ‘मला माहीत आहे’ म्हणतो, याचं मोल मी जाणतो. म्हणून एका छपराखाली इतकी वर्षं त्यांचं ऐकत आलो.

पण आईनं तोंड उघडलं की तात्या म्हणतात, ‘तुला काय कळतंय?’ हे वाक्य पाटलाच्या वाड्यातलं. आम्ही गाव सोडलं, वाक्य मात्र बोचक्यात बांधून आणलं. आई हल्ली बोलतच नाही.

मग मान राखायचा की सवाल टाकायचा? बुद्धानं कालामांना सांगितलं, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा. १९५६ साली आपण हा धम्म घेतला. त्यात चुलत्याला सूट नाही. उद्या मी शहाणा झालो तर मलाही नाही.

तात्यांचं चूक की बरोबर, हा मुद्दाच वेगळा. त्यांच्यासमोर आईला ‘कशावरून?’ विचारता येतं का, एवढंच बघायचं. वंशपरंपरेची पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं गेली. घरातली आपणच खालसा करायची आहे.