मोडले ते कोणामुळे?

मनुष्य संकटात खचला, म्हणजे गावात त्याविषयी दोनच मते ऐकू येतात. एक असे की, संकटच दांडगे होते. दुसरे असे की, माणूसच मुळात कच्चा होता. ही दोन्ही मते बोलणाऱ्यास सोयीची आहेत, कारण कोणत्याही मताने त्याच्याकडे बोट जात नाही. आमचे मत निराळे आहे, व ते आम्ही लोहाराच्या कामावरून मांडू इच्छितो.

हाताने सुरी घडविणारा कारागीर पुष्कळदा मोटारीच्या जुन्या कमानीचा पाटा घेतो. पाते ठोकून व कानशीने घासून आकारास आले, की पाहणाऱ्यास ते तयारच वाटते. परंतु ते अजून मऊ असते. त्यास सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत लाल करून तेलात बुडवावे, तेव्हा कोठे ते कठीण होते. आणि त्या एकाच बुडीत ते टिकते अथवा तडकते.

तडकले, तर दोष तेलाचा काय? बुडताच पातळ भाग आधी निवतो, जाड भाग मागाहून. शिवाय कठीण होताना पोलाद किंचित फुगते. ही ओढाताण प्रत्येक पात्यात होते, उत्तम पात्यातही. तो ताण कोठे गोळा व्हावा, हे मात्र आगीपूर्वी कानस धरणाऱ्याने ठरवून ठेविलेले असते. पात्यावर आडवा खोल ओरखडा राहिला, तर तेथे. मुठीत जाणाऱ्या शेपटीपाशी कोपरा काटकोनी राहिला, तर तेथे. म्हणून जाणता कारागीर तो कोपरा गोल कानशीने वळवून घेतो, व शेवटचा हात पात्याच्या लांबीने फिरवितो. धार मात्र काढीत नाही. कडेस सुमारे एक मिलीमीटर जाडी राखतो. पाते लवकर धारदार दिसावे अशी ज्यास हौस, त्याची पातळ कड आगीत करपते किंवा तेलात वाकते. (लहान मुलांना चारचौघांत मिरविणारे आईबाप येथे आम्हांस आठवतात.)

याहून सूक्ष्म गोष्ट घावांची. हातोड्याचे घाव कमीअधिक पडतात, त्यांचा ताण धातूत राहतो, आणि तो डोळ्यांस दिसत नाही. त्यावर कानशीचा उपाय नाही. पाते लाल करून बाहेर काढावे व स्थिर हवेत आपोआप निवू द्यावे. कित्येक कारागीर असे तीनदा करितात. तेणेकरून ताण सुटतो व आतील दाणा बारीक होतो. दारात खोळंबलेल्या गिऱ्हाइकास मात्र हा निव्वळ आळस वाटतो.

कोणी म्हणेल, पाट्यात आधीचाच तडा असला तर? आक्षेप खरा आहे. वर्षानुवर्षे गाडीखाली लवून पाट्यास बारीक तडे जातात, व काही घासूनही दिसत नाहीत. परंतु लोहार तर्कावर थांबत नाही. तडकलेले पाते तो मोडून पाहतो. तड्याची बाजू काळवंडलेली असेल, तर तडा बहुधा आगीपूर्वीचा. दाणा जाडाभरडा असेल, तर ताप अधिक झाला. ज्याने काहीच पाहिले नाही, त्यास "पाटाच वाईट होता" असे म्हणण्याचा अधिकार नाही.

समजा, अठरा वर्षांचा मुलगा शहरात कामास धाडला. पैशाचा हिशेब त्यास कोणी शिकविला नाही, "नको" म्हणण्याची सवय लाविली नाही. घरी मार मात्र भरपूर मिळाला. दोन वर्षांनी तो कर्ज व दारू घेऊन परतला. ओसरीवर बसून त्याच्या स्वभावाचा निवाडा करणारांनी, ते घाव कोणाचे व ते निवण्यास त्यास कधी उसंत मिळाली काय, हे आधी विचारावे. तडा न जाता नुसते वाकलेले पाते पुन्हा लाल करून, निववून, सरळ करिता येते. त्याच्या बापास त्यास येत्या सोमवारीच पुन्हा गाडीत बसविण्याची घाई असेल, तर निदान हा हंगाम त्यास घरी राहू द्यावे, असे आम्ही त्या बापास सांगू.