कासवीची दृष्टी



चाळीस वर्षे कीर्तनात मी एक दृष्टांत सांगत आलो. कासवी पिलांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही; दुरून नुसती पाहते आणि त्या दृष्टीनेच पिले पोसतात. संतांची कृपा तशीच. श्रोते माना डोलवीत.

म्हातारपणी कोकणात जाणे झाले आणि मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर खरी हकिकत कळली. समुद्री कासवी रात्री वाळूत खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वर वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. वळूनही पाहत नाही. मग पिलांना राखतो कोण? पूर्वी माणसेच ती अंडी उकरून नेत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन काम आरंभले. आता अंडी कुंपणात जपतात आणि पन्नासेक दिवसांनी निघालेली पिले समुद्राकडे सोडतात. दृष्टांतातली ती दृष्टी मला त्या गावकऱ्यांच्या ठायी दिसली.

आमच्या केनवडचा माणूस म्हणेल, महाराज, आपला समुद्राशी काय संबंध? मीही तेच म्हणत होतो. सप्ताह आटोपला की निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पैनगंगेत सोडायचे आणि वर हात जोडायचे! पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. आपली चंद्रभागाही कृष्णेवाटे तिथेच जाते. पाण्यावर तरंगणारी पिशवी जेलीफिश समजून कासव गिळते आणि आतडे अडून मरते. अशा पिशवीची गाठ मीच मारली होती.

जे डोळ्यांना दिसत नाही, त्याचा दोष लागतो काय? माझ्या अल्पमतीला वाटते, अजाणता घडले ते देव पोटात घालील. कळल्यावरही तेच केले तर कोणत्या तोंडाने क्षमा मागावी? सर्वांभूती भगवंत म्हणायचे आणि तो गावाच्या शिवेपर्यंतच मानायचा, हे वारकऱ्याला शोभत नाही.

देवळात शिरताना दगडी कासवाला आपण नमस्कार करतो. तेव्हा एवढे आठवावे. निर्माल्य शेतात पुरावे, त्याचे खत होते. वारीत आपला तांब्या-ताटली पडशीत असावी आणि वाळवंटात नेलेली पिशवी घरी परत आणावी. मी आता तो दृष्टांत सांगतो, तेव्हा पुढे वेळासची गोष्टही सांगतो.