पाचर

चार पायांची कुठलीही वस्तू डुगडुगू लागली, की माणूस वाकून पाहतो आणि जो पाय अधांतरी दिसेल त्याला गुन्हेगार ठरवतो. "हा बघा, हा आखूड आहे!" खटला निकालात. त्या पायाचे म्हणणे ऐकून घ्यायची पद्धत आपल्याकडे नाही.

माशांची काचपेटी घरात आणली की हा न्याय महागात पडतो. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी बेताची पेटी घ्या. पावणेसात घनफूट, म्हणजे १९० लिटर पाणी. काच, वाळू, दगड धरून प्रकरण सव्वादोनशे किलोच्या घरात जाते. गव्हाची दोन पोती आणि वर मासे! हा बोजा डुगडुगत्या स्टँडवर ठेवला, तर कर्णावरचे दोन पाय जवळजवळ सगळा भार पेलतात. चौथा हवेत असतो, ते सगळ्यांना दिसतेच. पण तिसरा? तो फरशीला नुसता टेकलेला असतो. उचलत काहीच नाही, पण टेकलेला दिसतो, म्हणून त्याला कोणी चकार शब्द बोलत नाही. कचेरीत वीस वर्षे काढलेल्याला हा तिसरा पाय ओळखायला पाणसळ लागत नाही. हजेरीपटावर सही असते त्याची, तीही वेळेवर.

बरे, चौथा तरी खरोखर आखूड असतो का? भूमिती इथे हात वर करते. तीन टेकूंचे आपसात नेहमी जमते; तिवई कधी डुगडुगत नाही. चौथा आला की भांडण. कोणतेही तीन खरे धरा, उरलेला आपोआप खोटा ठरतो. शिवाय फरशीचेही ऐकून घ्यायला हवे. जुन्या घरांत शहाबादीला मोरीकडे उतार असतो, तो गवंड्याने मुद्दाम दिलेला, धुतलेले पाणी वाहून जावे म्हणून. फरशी धुणाऱ्या बाईंना जो सद्गुण, तोच मत्स्यप्रेमी माणसाला दोष!

आणि हे सगळे ठरवणारी पाणसळच खोटी असली तर? जाणता गवंडी तिची टोके फिरवून ती त्याच जागी पुन्हा ठेवतो. बुडबुडा तेवढ्याच जागी राहिला तर पाणसळ खरी. वरिष्ठांच्या बाबतीत ही सोय नाही.

शेवटी उपाय पाचरीचाच. तीही पेटी रिकामी असतानाच बसवायची. भरल्यावर देव आला तरी स्टँड हलत नाही. वर्तमानपत्राची घडी नको, ओली होऊन दबते. कडक प्लास्टिकची बरी. मग अर्धी पेटी भरायची आणि काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर दोन्ही टोकांना मोजायचे. पाणी कोणाच्या वशिल्याने वरखाली होत नाही.

माझ्यातला बी. कॉम. मात्र इथे अस्वस्थ होतो. पाचर म्हणजे सस्पेन्स खातेच की! तेरीज जुळेना, चूक सापडेना, मग फरकाची रक्कम त्या खात्यात टाकायची आणि दोन्ही बाजू सारख्या करायच्या. चूक आहे तिथेच. पण निदान सस्पेन्स खाते कधीतरी मिटवावे लागते. पाचर जन्मभर तिथेच राहते. हा अप्रामाणिकपणा म्हणायचा का? मला नाही वाटत. पाचर कुणावर आरोप करत नाही. फरक एवढा आहे, इतकेच सांगते. न्यायाच्या नादाने एकेक पाय तासत गेलेल्या टेबलाचा शेवटी पाट झालेला मी पाहिला आहे. लबाडी सुरू होते ती पाचर झाकण्यापासून.

"पाहुण्यांना दिसते ती," असे म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी स्टँडला पडदा शिवला आहे. त्यावर निळ्या लाटा आहेत. मी अधूनमधून तो उचलतो. चौथ्या पायाची चौकशी करत नाही. तो बिचारा पाचरीवर नीट उभा आहे. मी पोस्टकार्ड घेतो आणि तिसऱ्याच्या खाली सरकवून पाहतो. पूर्वी सहज जात असे. चौथ्याला आधार मिळाल्यापासून याच्याही डोक्यावर वजन आले आहे. आता कार्ड आत जात नाही.