अर्ज आणि हजेरी

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघालेल्या प्रवाशाला कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा उभा सुळका दिसू लागला, की शिरढोण जवळ आले असे समजावे. याच गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. आणि १८७९ साली ज्या बंडाने सरकारची झोप उडवली व ज्याच्यापायी १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या बंदिवासात त्यांना देह ठेवावा लागला, त्याची कथा इकडच्या मुलांनाही ठाऊक असते. गेल्या श्रावणात माझ्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन मी त्यांचा वाडा पाहावयास गेलो, तेव्हा मात्र माझे मन बंडाकडे न वळता त्याआधीच्या एका घरगुती प्रसंगापाशी घोटाळत राहिले.

वासुदेव बळवंत तेव्हा पुण्यास लष्करी हिशेबाच्या खात्यात कारकून होते. आई अत्यवस्थ असल्याची वार्ता आली, त्यांनी रजेचा अर्ज केला, रजा वेळेवर मंजूर झाली नाही, आणि ते घरी पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. मी हे सांगत असता मुलीने विचारले, "पण पप्पा, ते येऊन काय करणार होते? ते डॉक्टर होते का?"

"नाही गं," मी म्हणालो, "नुसते जवळ बसणार होते."

उत्तर सहज तोंडातून गेले खरे, परंतु परतीच्या वाटेवर ते मला सोडीना.

मी पाळक आहे. प्रार्थना हा माझा धर्म, तसाच तो माझा पेशाही. रविवारची उपासना, आजाऱ्याच्या उशाशी म्हणावयाचे चार शब्द, बाप्तिस्मा, विवाह, दफन, या सर्व प्रसंगी मंडळीच्या वतीने बोलण्याचे काम माझ्याकडे असते; कोणाचा मुलगा परीक्षेस बसला आहे, कोणाची नोकरी सुटली आहे, कोणाच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली आहे, याची नोंद मी एका वहीत ठेवतो आणि पहाटे ती नावे क्रमाने देवापुढे रुजू करतो. हे काम मी मनापासून केले आहे. तथापि वर्षामागून वर्षे ते करीत असता मी परमेश्वराच्या दरबारातला पेशकार होऊन बसलो, आणि लोकांचे अर्ज बिनचूक दाखल झाले म्हणजे आपली प्रार्थना झाली असे मानू लागलो, हे मला एका शनिवारी रात्रीपर्यंत उमगले नव्हते.

पत्नी रुग्णालयात परिचारिका आहे. त्या रात्री तिची पाळी होती. निरंतर प्रार्थना करा, असा जो उपदेश प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस केला, त्यावरचे प्रवचन मी लिहीत होतो. आतून मुलीने हाक मारली. "थांब, पप्पा प्रार्थनेचं लिहिताहेत," असे मी म्हणालो. तिने पुन्हा हाक मारली, मी पुन्हा तेच सांगितले. तिसरी हाक आलीच नाही, आणि त्या न आलेल्या हाकेने मी खुर्चीवरून उठलो. तिचे अंग तापाने फणफणत होते. उजाडेपर्यंत मी मिठाच्या पाण्याच्या घड्या तिच्या कपाळावर बदलीत बसलो. नेहमीची वाक्ये, जी इतरांच्या घरी अस्खलित येत, त्यांतले एकही ओठांवर आले नाही, आणि आणण्याची इच्छाही झाली नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातला गृहस्थ मध्यरात्री आलेल्या मित्राला दाराआडून सांगतो, की मला श्रम देऊ नकोस, मुले माझ्यापाशी निजली आहेत. त्याचे मुलांपाशी असणे मी आजवर सबबच समजत आलो होतो. मार्कने वर्णिलेले ते शिष्य मात्र आता मला फार ओळखीचे वाटतात, ज्यांनी लेकरे घेऊन आलेल्यांना दटावले, जणू गुरूचा वेळ राखणे हेच त्यांचे इमान होते. आणि प्रभूला राग आला तो त्यांचाच.

जनाबाईच्या जात्याला हात लावणारा विठ्ठल महाराष्ट्राने शतकानुशतके आपला मानला; पॅरिसच्या कार्मेल मठातल्या मुदपाकखान्यात सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्स देवाचे सान्निध्य अनुभवीत असे. परंतु जात्याला एक लय असते व नामस्मरण त्या लयीत बसते. लहान मूल असलेल्या घरात लय कोठून येणार? तेथला दिवस म्हणजे हाकांनी मोडलेला दिवस. म्हणून मला असे वाटू लागले आहे, की आईबापांची प्रार्थना कामाच्या ओघात नसून काम टाकून उठण्यात असते.

मागणे हीन आहे, असे मला म्हणावयाचे नाही. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितलेलीच आहे. पण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची चाकरी सोडून जे नवे कार्य आरंभिले, त्याला त्यांनी 'देवाचा दरबार' हे नाव दिले, आणि दरबार म्हटले की हुजूर व हजर हे दोन शब्द आलेच. दोन्ही एकाच अरबी धातूपासून निघालेले, दोहोंच्या मुळाशी समक्ष असणे एवढाच अर्थ. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलासह, दत्तूसह, सुमारे पाच वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या; ते दुःख त्यांच्या 'स्मृतिचित्रां'त वाचताना जाणवते, की ताटातुटीने होरपळलेल्या माणसाला दुसरे काही नको असते, माणूस समोर हवे असते. देवालाही आपल्याकडून याहून निराळे काही हवे असेल, असे मला आता वाटत नाही.

पहाटेची वही मी सोडलेली नाही. नावे तीच आहेत, फक्त प्रत्येक नावापाशी मी थोडा वेळ काही न मागता थांबतो.

शिरढोणहून परतताना एस्टीत पावसाची झड खिडकीतून आत येत होती. पिशवीत रविवारचे कागद होते आणि ते भिजत असलेले मला दिसत होते; पण मुलगी खांद्यावर डोके टेकून नुकतीच झोपली होती, म्हणून पनवेल येईपर्यंत मी हात हलविला नाही.