शिवणाऱ्या हातांचा इतिहास

अमेरिकी काँग्रेसने १९८७ साली मार्च महिना स्त्रियांच्या इतिहासासाठी मुक्रर केला, आणि या महिन्यात तेथील जुन्या जमीनदारी वाड्यांमध्ये पालक व मुलांसाठी लोकर पिंजणे, सूत कातणे, चुलीवरचा स्वयंपाक, शिवणकाम असे उपक्रम योजण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. हाताने केलेली गोष्ट मुलांच्या लक्षात राहते, हे खरेच. परंतु ज्या घरातील कष्टाची कामे घरच्या धनिणीने केलीच नव्हती, तेथे असे प्रात्यक्षिक ‘पूर्वीच्या बायका अशी कामे करीत’ एवढ्या मोघम वाक्यावर थांबले, तर मुलांच्या मनात गैरसमजच रुजतो. व्हर्जिनियात पोटोमॅक नदीकाठी असलेले जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन या दृष्टीने नीट पाहण्याजोगे आहे.

राष्ट्राध्यक्षपदी असताना वॉशिंग्टन फिलाडेल्फियात राहत आणि शेतीचा व्यवस्थापक त्यांना दर आठवड्याला कामाचा तपशील कळवीत असे. १७९२ च्या डिसेंबरात त्याला लिहिलेल्या पत्रात वॉशिंग्टन तक्रार करतात, की शिवणकामावरील गुलाम स्त्रिया आठवड्याला सहाच सदरे शिवतात, कॅरोलाइनने तर आजारी नसतानाही पाचच शिवले, आणि मार्था वॉशिंग्टन यांच्या म्हणण्याप्रमाणे नेहमीचा नेम नऊ सदऱ्यांचा होता. धनीण, तिची मोजदाद आणि त्या मोजदादीखाली राबणारी, नावानिशी माहीत असलेली एक स्त्री, असे सारे या एका तक्रारीत सापडते. मुलाच्या हाती सुई-दोरा देऊन एक सरळ शिवण घालायला सांगावी, लागलेला वेळ घड्याळावर मोजावा, आणि मग शिवणयंत्र नसलेल्या काळात आठवडाभरात नऊ सदरे म्हणजे काय, याचा हिशेब आईवडिलांनी त्याच्यासोबत बसून करावा; अशा तासाभरातून मुलाला जे कळते, ते भिंतीवरच्या फलकाने सहसा साधत नाही.

हा वाडा टिकला तोही स्त्रियांमुळेच. दक्षिण कॅरोलिनातील अ‍ॅन पामेला कनिंगहॅम यांनी १८५३ साली स्थापन केलेल्या महिला मंडळाने दोन लाख डॉलर उभारून तो विकत घेतला, आणि हे ज्या काळात घडले, त्या काळात या स्त्रियांना मताचा अधिकारसुद्धा नव्हता. तरीही तेथील गुलामांच्या दफनभूमीवर पहिली खूण बसायला १९२९ साल उजाडावे लागले.

स्वयंपाकघराचेही असेच आहे. मक्याच्या पिठाची धिरडी हा वॉशिंग्टन यांच्या न्याहारीतला आवडता पदार्थ, आणि मुलांना तो करून पाहायला आवडेलही. पण ती चूल सांभाळणाऱ्यांत ल्यूसी होती, हे त्यासोबत यायला हवे. वॉशिंग्टन यांच्या मृत्युपत्रामुळे तिचा नवरा फ्रँक ली मुक्त झाला, परंतु ल्यूसी आणि तिची मुले झाली नाहीत. मार्था यांचे पहिले पती डॅनियल कस्टिस मृत्युपत्र न करता वारले होते. अशा वेळी विधवेला मालमत्तेच्या एकतृतीयांश भागाचा उपभोग केवळ हयातीपुरता मिळे आणि तिच्या पश्चात तो भाग वारसांकडे जाई. ल्यूसी त्या भागात मोडत असल्याने तिला मुक्त करण्याचा कायदेशीर हक्क वॉशिंग्टन यांनाही नव्हता आणि मार्था यांनाही नव्हता.

शिवणकामात निष्णात असलेली ओना जज याच भागातली. आपल्याला मार्था यांच्या नातीला देऊन टाकणार, हे कळल्यावर २१ मे १७९६ रोजी ती फिलाडेल्फियातील राष्ट्राध्यक्षांच्या घरातून निघून गेली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथला पोहोचली. तेथे तिने लग्न केले, तिला तीन मुले झाली. पण व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्यानुसार मूल आईचीच अवस्था घेऊन जन्माला येत असल्याने ही मुलेही कस्टिस वारसांची मालमत्ता ठरत होती. हा विषय मुलांना जड जाईल, असा आक्षेप घेतला जातो आणि त्यामागची काळजी खरी असते. तथापि आईला घर सोडून का पळावे लागले आणि तिच्या मुलांवर दुसऱ्याच कुणाचा हक्क का सांगितला गेला, हे प्रश्न आठ-दहा वर्षांचे मूल आपण होऊन विचारते. उपक्रम आखणाऱ्यांनी आणि सोबतच्या पालकांनी त्यांचे सरळ उत्तर देण्याची तयारी ठेवली पाहिजे.