तीन प्रहरांचे निर्जीव पाणी

चातुर्मासात घाटकोपर किंवा मुलुंड येथील श्रद्धाळू जैन कुटुंबात पिण्याचे पाणी तीन उकाळे येईपर्यंत तापवले जाते, आणि मग ते अचित्त, म्हणजे निर्जीव, मानले जाते. परंतु ही मान्यताही कायमची नसून पावसाळ्यात तीन, हिवाळ्यात चार व उन्हाळ्यात पाच प्रहर एवढीच तिची मुदत असते. हा आचार पाश्चरच्या कित्येक शतके आधीचा आहे, म्हणून निगोद या नावाने प्राचीनांना जीवाणूच ठाऊक होते असे छातीठोकपणे सांगणारी मंडळी आपल्या उपनगरांत पुष्कळ आढळतात. मला मात्र हे समर्थन शास्त्राचा गौरव करण्याऐवजी त्याची खोली कमी करणारे वाटते.

कारण जैन दर्शनातील निगोद म्हणजे अनंत जीवांनी मिळून धारण केलेला एकच देह. त्यांचा आहार आणि श्वासही सामाईक. जीवाणूची तऱ्हा अगदी निराळी. मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा, केंद्रक नसलेला, परंतु स्वतःची स्वतंत्र भित्तिका असलेला ई. कोलायसारखा जीवाणू, अन्न आणि ऊब विपुल असल्यास, वीस मिनिटांत दुभंगतो. त्या हिशेबाने तीन प्रहरांत, म्हणजे नऊ तासांत, एकाचे तेरा कोटींहून अधिक होतात. यात जन्म दिसतो, पण मृत्यू कुठे आहे? मातेचे कलेवर मागे राहत नाही, आणि दोहोंपैकी मूळचा कोण, याचा फैसला करण्यास कोणताही पुरावा उरत नाही. जीव अविभाज्य आहे असे मानणाऱ्या तत्त्वज्ञाला हा प्रश्न पाणी उकळण्याच्या प्रश्नाहून कितीतरी अधिक अडचणीचा आहे, आणि त्याचे उत्तर माझ्या दृष्टीस अद्याप पडलेले नाही.

हिंसेची गणना करू गेल्यास तर दप्तरच अपुरे पडेल. सुमारे अडतीस लाख कोटी जीवाणू आपल्या देहात नांदतात, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींहून थोडे अधिकच. त्यांतले कित्येक आतड्यात बसून आपल्यासाठी के जीवनसत्त्व तयार करतात, आणि आपण नुसते जगत असतानाही असंख्य मरतात. परंतु उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाने हिंसेची व्याख्या करताना प्रमादाने, म्हणजे बेसावधपणे, घडलेल्या प्राणहानीला हिंसा म्हटले; मृतांच्या संख्येला तिथे स्थान नाही.

ही कसोटी लावली की दोषाचे स्थळ बदलते. क्षयरोग्याला दिलेले औषध जंतूंची भित्तिका उभी राहू देत नाही, म्हणून कोणी हिंसेचा आरोप करणार नाही. पण खोकला थांबताच महिनोन् महिन्यांचा उपचार अर्ध्यावर टाकला जातो, तेव्हा दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि औषधाला न जुमानणारा त्यांचा वंश शेजारच्या बिऱ्हाडात पोहोचतो. अर्थात रोजंदारी बुडवून दवाखान्याच्या रांगेत उभे राहणे ज्याला परवडत नाही, त्याच्या पदरी हा प्रमाद घालताना मी कचरतो. परंतु ताप उतरताच उरलेल्या गोळ्या पुढच्या दुखण्यासाठी कपाटात जपून ठेवणारा आणि पाण्याचे प्रहर मात्र काटेकोर मोजणारा सुखवस्तू गृहस्थ पर्युषणानंतर क्षमा मागू लागला, तर त्या शेजाऱ्याचे नाव त्याच्या यादीत असावे.